पाय घसरून पडला

प्रिय अण्णा,

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि घरच्या फोनवर आलास की अप्पा तो स्पीकरवर टाकून मधल्या खोलीत सगळ्यांसमोर ठेवतात, म्हणून कागद घेतला. तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आपण दोघंही कन्नड शाळेत शिकलो. मराठी अक्षरं अप्पांनी रविवारी पाटीवर गिरवून घेतली तेवढीच. चुका होतील, त्या पोटात घाल. आणि हे एकट्याने वाच. तुझ्या खोलीतल्या मल्याळी मित्राला लगेच वाचून दाखवू नकोस.

आधी घरचं सांगते. आईचे गुडघे तसेच आहेत. अवरेकाईचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, हंगाम सुरू झालाय, घरभर तो वास. तुझ्याविना एवढे दाणे कोण खाणार, तरी ती दिवसभर शेंगा सोलत बसते. बोलायचं नसलं की तिला हाताला काहीतरी काम लागतं, तुला माहीतच आहे. खालच्या शेडमध्ये जुना लेथ चालू आहे, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पंपवाल्यांचं काम परत मिळालंय. अप्पा सकाळी लवकर शटर उघडतात आणि जेवायला वर येतात तेव्हा ताटाकडे बघून जेवतात. गच्चीवरची पत्र्याची खोली रिकामी आहे. फाटकावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटी लागलीय आणि तिच्याखाली समोरच्या दुकानवाल्या रघुपतीमामांनी त्यांच्या हाताने कन्नडमध्ये लिहून दिलंय की फक्त कुटुंबालाच मिळेल. कुटुंब म्हणजे कोण, ते गल्लीत सगळ्यांना कळतं.

उन्हाळ्यात तिकडे आयर्लंडमध्ये तुला त्या गोऱ्या पोरांनी मारलं, तेव्हाची गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. तू आधी सांगितलंस, सायकलवरून पडलो. आईने विश्वास ठेवला, मी नाही ठेवला, कारण पडलेल्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांखाली काळं होत नाही. मग तुझ्या त्या मल्याळी मित्राने मला खरं काय ते सांगितलं आणि मी घरी सांगितलं. अप्पांनी हातातला मायक्रोमीटर खाली ठेवला आणि शेडचं शटर दिवसाढवळ्या ओढून घेतलं. असं त्यांनी आजोबा गेले तेव्हाच केलं होतं. "माझ्या पोराने त्यांचं काय घेतलं होतं? घाम गाळायला गेलाय, भीक मागायला नाही," म्हणाले. आणि ती पोरं पोलिसांना सांगत होती की तूच सायकलवरून पडलास, ते फक्त उचलायला आले होते. बसस्टॉपवर बसलेली ती म्हातारी बाई नसती तर तेच खरं ठरलं असतं. तिच्याच गल्लीतली पोरं होती ती, तरी ती ठाण्यात गेली आणि पाहिलं ते सांगितलं. तिच्या शेजारणी तिच्याशी बोलेनाशा झाल्या, असं तू म्हणालास. आईने शुक्रवारी भवानीच्या देवळात तिच्या नावाने ओटी भरली. पुजाऱ्याला विचारलं, ख्रिश्चन बाईच्या नावाने चालते का. तो म्हणाला, "नाव सांगा अक्का, गोत्र कश्यप लावू, देवीला काय फरक पडतो." आम्ही हसलो होतो त्या दिवशी. खूप दिवसांनी हसलो होतो.

तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणाला एकच विषय. अप्पा म्हणायचे, रंगावरून माणसाला मारायचं ही गोऱ्यांची बाधा आहे, आपल्याकडे हजार भानगडी असतील पण ही नाही. मी म्हणायचे, आहे. "कशी असेल?" म्हणून त्यांनी बाही वर करून हात माझ्यासमोर धरला, कोपरापर्यंत ऑइल मुरलेला. "हा बघ. आम्ही स्वतः काळे. काळ्याने काळ्याचा रंगभेद करायचा तो कसा, सांग की पदवीधर बाई." मी म्हटलं, "अण्णासाठी स्थळं बघताना 'मुलगी गोरी हवी' असं तुम्हीच सांगितलंत ना त्या शिमोग्याच्या मध्यस्थाला?" आई हसू दाबत भात वाढायला लागली. अप्पा म्हणाले, ती आवड झाली, भेद नव्हे. मी वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथला हुबळीचा मुलगा गेला आणि आफ्रिकेतला इमॅन्युएल आला, तेव्हा भाडं वाढलं, पाहुणे बंद झाले, मांसाचा वास बंद झाला आणि जिना मागचाच वापरायचा असं ठरलं. हुबळीवाल्याला यातलं काही नव्हतं आणि तो तर जिन्यात सिगारेटी ओढायचा. "परक्या देशातल्याला घर दिलं हे कमी आहे का? आख्ख्या गल्लीत दुसऱ्या कोणी दिलं?" अप्पा म्हणाले. ते खरं होतं. दुसऱ्या कोणी दिलं नव्हतं. अप्पा जिंकल्यासारखे हात धुवायला उठले.

इमॅन्युएल टांझानियाचा, बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला. तू गेल्यावर आला, म्हणून तू त्याला फक्त फोनवर कधीतरी मागून जाताना पाहिलंयस. आईला त्याचं नाव घेता येईना, तिने त्याला मन्नू करून टाकलं. एकदा तिने वर मुद्दे पाठवले, नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, सारूबरोबर. तो ताट घेऊन खालीच आला, म्हणाला आमच्या घरी आई असंच करते, मक्याचं, उगाली म्हणतात. त्या दिवसापासून मुद्दे केले की एक त्याचा. कन्नड तो ऑटोवाल्यांकडून शिकला होता. आई जिन्यात भांडी घासत असली की पाय उचलून पलीकडे जाताना म्हणायचा, "अम्मा, स्वल्प अड्जस्ट माडी," जरा सांभाळून घ्या, आणि आई त्याला ओल्या हाताने पाणी उडवायची. त्याच्या घरातही तोच पहिला पदवीधर होणार होता. माझा पदवीचा फोटो अप्पांनी शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या वर लावलाय ना, तो बघून त्याने विचारलं होतं, असा काळा झगा इथे भाड्याने मिळतो का, म्हणजे आधीच एक फोटो काढून आईला पाठवतो. मी म्हटलं, आधी पास हो. गल्ली मात्र अप्पांना टोमणे मारायची. रघुपतीमामा दुकानातून ओरडायचे, "काय कृष्णमूर्ती, तुमचा आफ्रिका काय म्हणतो?" बेळगावचं काही पेटलं की हेच मामा "काय हो मराठा" म्हणतात. अप्पांना दोन्ही सारखंच लागतं, पण ते दोन्ही वेळा हसतात. आपलं घराणं इथे चारशे वर्षं आहे, असं ते मला सांगतात. मामांना कधी सांगत नाहीत.

त्या दिवसाचं लिहायच्या आधी गेल्या वर्षीच्या खंडेनवमीची आठवण करून देते. तूही इथेच होतास. पंपवाल्यांकडे आलेला तो जर्मन इंजिनिअर आपल्या शेडची पूजा बघायला आला. बूट घालूनच आत आला. अप्पांनी कुंकू भरलेला कोहळा दृष्ट उतरवून रस्त्यावर फोडला आणि त्याच्या लाल फोडी इकडेतिकडे उडाल्या. तो वाकला, एक फोड उचलली, वास घेतला, कुंकू बोटाने चाखून बघायला निघाला आणि ती फोड रुमालात बांधून बॅगेत टाकली. दृष्टीचा कोहळा कोणी ओलांडत नाही, हात लावणं तर लांबच. पण आख्खी गल्ली हसली. रघुपतीमामांनी त्याच्या हातावर चुरमुरे आणि खारी बुंदी ठेवली. अप्पा म्हणाले, पाहुण्याला काय कळतं, देव समजून घेतो. त्याच्याबरोबरचा फोटो अजून शेडमध्ये आहे, माझ्या फोटोच्या शेजारी.

यंदा तू नव्हतास, म्हणून आईने तुला व्हिडिओवर बसवलं. फोन शेडच्या खिडकीच्या कट्ट्यावर, तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला, तोंड रस्त्याकडे. हे तुला माहीत आहे, पण मी माझ्या बाजूने सगळं एकदा सांगते, कारण मला ते असंच कोर्टात सांगायचं आहे. लेथला झेंडूच्या माळा होत्या. नटबोल्टचे पाने, कॅलिपर, करवती सगळं पाटावर मांडून आईने प्रत्येकाला हळदकुंकू लावलं होतं. तू म्हणालास, "अप्पा, जोरात आपटा, इथपर्यंत आवाज आला पाहिजे." त्यांनी आपटला. सगळे प्रसादाला आत वळले. मी मात्र खिडकीजवळ कापूर विझायची वाट बघत थांबले होते, म्हणून मला दिसलं. एक बाई स्कूटीवरून आली आणि कोहळ्याच्या गरावरून तिचं चाक सटकलं. दरवर्षी कोणी ना कोणी पडतंच, पोलीस दरवर्षी सांगतात रस्त्यावर फोडू नका म्हणून. इमॅन्युएल कॉलेजातून येत होता. त्याने तिला उठवलं, गाडी उभी करून दिली. ती गेली. मग त्याने खांद्यावरच्या पिशवीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि फोडी गोळा करायला लागला, म्हणजे पुढचा कोणी पडू नये. एवढंच. मी त्याला हाक मारून थांबवायला हवं, हे मला सुचायच्या आत रघुपतीमामांना तो दिसला.

मामांच्या नातीला तेव्हा ताप होता. उतरत नव्हता. ते ओरडत आले की हा दृष्टीचं सामान पिशवीत भरतोय, करणी करतोय, हाच करतोय इतके दिवस. इमॅन्युएल उभा राहिला, हात कुंकवाने लाल झालेले, आणि पिशवी पुढे करून म्हणाला, "बीळबारदु अंकल, पडू नये कोणी." त्याचं कन्नड कोणाला ऐकायचं नव्हतं. आठ-दहा जण जमले. कोणीतरी मागून अप्पांना म्हणालं, "कृष्णमूर्ती, तुमचाच ना हा? तुम्हीच पोसलाय ना?" अण्णा, मी अप्पांचा चेहरा पाहिला. राग नव्हता त्यावर. भीती होती. आपण गल्लीच्या आत की बाहेर, ते आत्ता, या क्षणी ठरणार आहे, अशी ती भीती. तुला आठवतं ना, खंडेनवमीला हत्यार उचलायचं नाही, त्या दिवशी त्यांनाही विसावा. लहानपणी तू त्या दिवशी सायकलची चेन बसवायला स्क्रूड्रायव्हर घेतलास तर अप्पांनी तुझ्या हातावर चापट मारली होती. आयुष्यात कधी त्यांनी तो नेम मोडला नव्हता. त्यांनी पाटावरचा मोठा पाना उचलला. आईने लावलेलं हळदकुंकू त्यावर ओलंच होतं. त्यांनी एकदाच मारला, चेहऱ्यावर. मग तो पडल्यावर बाकीचे तुटून पडले. अप्पा नंतर पाना हातात घेऊन नुसते उभे होते. मी मध्ये पडले, मला कोणीतरी केसाला धरून बाजूला केलं. आई दारात होती. तिच्या हातात त्याच्यासाठी काढून ठेवलेलं प्रसादाचं ताट होतं.

पोलिसांनी पहिली गोष्ट मागितली ती त्याचा पासपोर्ट. तो रिक्षात आडवा पडलाय, डोळ्यावर माझी ओढणी बांधलीय, आणि साहेब विचारतोय व्हिसा कधीपर्यंतचा. व्हिसा बरोबर होता, तर म्हणाला रेंट अॅग्रीमेंट दाखवा. मग गल्लीत चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितलं, शब्दही तेच: पाय घसरून पडला. कोहळ्यावरून घसरला, तोंडावर आपटला, आम्ही उचलायला गेलो. मी साहेबाला म्हटलं, मी पाहिलंय. त्याने अप्पांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "अम्मा, घरात जा, तू लहान आहेस." आता त्याच्याविरुद्धच एक तक्रार आहे. पूजेचा अपमान केला आणि मामांना ढकललं. ती टिकली तर त्याला परत पाठवतील, परीक्षा न देता. डावा डोळा गेलाय. डॉक्टर म्हणाले, तो येणार नाही.

मी भोळी आहे, अण्णा. मला वाटलं होतं, ऑफिसात तरी लोक ऐकतील. तुला मारलं तेव्हा एचएसआर भागातल्या आमच्या ऑफिसात पुण्याच्या सुहासने सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन काढलं होतं, काळ्या फिती वाटल्या होत्या, जेवणाच्या सुट्टीत उभं राहून बोलला होता, "आज रणवीर आहे, उद्या आपण असू." मी तेच निवेदन घेऊन त्याच्याकडे गेले, फक्त नाव बदलून. तो म्हणाला, "भूमिका, हे वेगळं आहे गं. ते हेट क्राइम होतं. हा अंधश्रद्धेचा प्रकार आहे, लॉ अँड ऑर्डर. आणि खरं सांगू का, त्या लोकांचंही काही कमी नसतं, ड्रग्ज वगैरे." मी विचारलं, आयर्लंडमध्ये आपल्याबद्दलही असंच काहीतरी म्हणत असतील ना, त्या लोकांचंही काही कमी नसतं? तो हसला, म्हणाला तू फार मनावर घेतेस. मी चार टेबलं फिरले. कोणी नाही म्हणालं नाही, सही कोणी केली नाही. जेवताना मग वाद झाला, वंशभेद आपल्याकडे आहे की नाही यावर. छान वाद झाला, सगळे हिरिरीने बोलले, जातीपासून चित्रपटांपर्यंत. इमॅन्युएलचं नाव त्यात एकदाही आलं नाही.

मग गल्लीने माझ्यावर उपाय शोधला. पहिल्यांदा दुधाच्या दुकानात कुजबूज झाली, मग देवळात आईला एका बाईने सरळ विचारलं, "तुमच्या भूमीचं आणि त्याचं काही होतं का?" आता सगळ्यांना ते माहीत आहे. मी त्याच्या बाजूने बोलते कारण माझं त्याच्याशी काहीतरी होतं. मी पाहिलं म्हणते कारण मी वेडी झालेय. मी मागच्या जिन्याने त्याच्या खोलीवर जायचे, असंही कोणी पाहिलंय म्हणे. तुझ्या कानावरही हे आलं असेल. खोटं आहे ते. त्याने मला एकदा पेन्सिल मागितली होती आणि मी त्याला कन्नडमधले आकडे शिकवले होते. पण हे खोटं आहे म्हणून मी सांगत बसले तर उरलेलं सगळं कोणी ऐकणार नाही.

गेल्या रविवारी मी शहराबाहेर आनेकलला गेले. तिथे त्याच्या गावच्या दोघांची खोली आहे, त्यांनी त्याला ठेवून घेतलंय. भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी मुद्दे नेले होते, आईने न बोलता डब्यात घालून दिले होते. त्याने खाल्ले नाहीत, पण डबा मांडीवर धरून ठेवला. त्याच्या आईचा फोन आला. तो त्यांच्या भाषेत बोलला आणि मग मला म्हणाला, तिला सांगितलंय मोटरसायकलवरून पडलो. मला तुझी सायकल आठवली. मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं, तुला मारलं ते, त्या बाईने सांगितलं ते.  मग त्याने विचारलं, "तुझे वडील तेव्हा रडले होते का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, माझे वडील नाहीत, माझी आई रडेल. मला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल. त्याने फक्त एवढंच सांगितलं की मला घसरून पडलो असं म्हणून परत जायचं नाहीये. डोळा गेला तो गेला. पण मी घसरलो नव्हतो.

मी अप्पांना सांगितलं की मी जबाब देणार आहे. चोरून करायचं नव्हतं. ते लेथवर होते, त्यांनी मशीन बंद केलं नाही, त्या आवाजातच म्हणाले, "तुला यासाठी शिकवलं?" मी म्हटलं, "मला वाटतं, यासाठीच." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. त्या दिवसापासून बोलत नाहीत. आई बोलली, शेंगा सोलता सोलता. म्हणाली, "त्या पोरांच्या आयांनीही तिकडे हेच केलं असेल, मला कळतं. मी त्यांना शिव्याशाप दिले होते. आता माझी पाळी. तरी तू गप्प बस, भूमी. माझा नवरा आहे तो." ती खोटं बोलली नाही, अण्णा. आपल्या घरात ती एकटीच खोटं बोलली नाही. पण कोर्टात ती येणार नाही, आणि मी तिला ओढणार नाही.

त्याची केस श्रीविद्या नावाच्या वकीलबाई बघतात. फी घेत नाहीत. पोलिसांनी घेतली नाही ती तक्रार त्यांनी थेट कोर्टात केलीय, अप्पा आणि मामांविरुद्ध. त्यांनी मला समजावलं की कायद्याला एक साक्षीदारसुद्धा पुरतो, पण त्याच्यावर विश्वास बसला पाहिजे. मामांचा वकील मला एकच विचारेल, तुझं आणि आरोपीचं नातं काय, आणि मग भाडेकरूचं आणि तुझं नातं काय. पहिल्या प्रश्नाला उत्तर, मी मुलगी आहे, बापाशी भांडलेली. दुसऱ्याला मी काहीही म्हटलं तरी लोक हसतील. दुसरा कोणी असता तर, त्या म्हणाल्या. गल्लीबाहेरचा, ज्याला त्या मुलाशी काही देणंघेणं नाही, ज्याचं अप्पांवर प्रेम आहे आणि तरी जो सांगेल. असा एक माणूस असता तर गोष्ट बदलली असती. मी त्यांना म्हटलं, विचार करून सांगते.

तू अप्पांना सांगितलंस की कोहळा फुटला आणि लगेच नेटवर्क गेलं. ते सगळ्यांना तसंच सांगतात. पण रिक्षा निघाल्यावर फोन कट्ट्यावरून मीच उचलला होता. तू होतास. तुझा हात तोंडावर होता आणि तुझ्या मागे शेगडीवरच्या किटलीतून वाफ वर जात होती, म्हणजे चित्र अडकलेलं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. मग तू कॉल कापलास. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही, श्रीविद्यामॅडमनाही नाही. तुला कशाची भीती वाटली ते मला कळतं. मलाही तीच वाटते. अप्पा तुरुंगात जातील, शेड बंद पडेल, आईच्या म्हातारपणात आपण दोघं तिला तोंड दाखवू शकणार नाही. पण माझा जबाब पुढच्या महिन्यात न्यायाधीशांसमोर आहे, आणि ते विचारणार, आणखी कोणी पाहिलं का. मी शपथेवर खोटं बोलणार नाही. मी तुझं नाव घेईन. त्याआधी ते तू स्वतः सांगावंस, माझ्या तोंडून तुला ओढून आणलं असं होऊ नये, म्हणून हे पत्र. मॅडम म्हणतात, परदेशातल्या साक्षीदाराला तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन लिहून देता येतं, पुढे व्हिडिओवर बोलता येतं. येऊ नकोस, अप्पांशी भांडू नकोस, मला फोनही करू नकोस वाटलं तर. फक्त पाहिलंस ते सांग. तो घसरला नव्हता, अण्णा. हे या जगात दोघांनाच माहीत आहे असं नाही, आख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण सांगू शकतील असे आपण दोघंच आहोत.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
भूमी